वीस शब्दांचा सांगावा

३ नोव्हेंबर, सोमवार

जामखेडचा मनोरा आज सुरू झाला. पहाटे सव्वापाचला केडगावच्या स्टुडिओतून मी 'सीनाकाठ लोकवाणी' एवढंच म्हणालो आणि दोन मिनिटांत तिकडून गोरक्षनाथचा फोन. "सर, आलं! लई स्वच्छ आलं. आईनं चुलीपुढून उठून रेडिओला हळद-कुंकू लावलं." गोरक्षनाथ आमचा जामखेडचा माणूस. मशीनही तोच बघतो आणि गावोगाव फिरून आवाजही तोच गोळा करतो.

तीन वर्षांपूर्वी शेवगावात एका गाळ्याच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून हे सुरू केलं तेव्हा आवाज बाजारतळापलीकडे जात नव्हता. मग केडगाव झालं, आता जामखेड. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब म्हणतात, दोन वर्षांत सात केंद्रं. आबासाहेब निवृत्त प्राचार्य आहेत, उगाच बोलत नाहीत.

मला सगळ्यात समाधान 'सांगावा'चं, म्हणजे घरच्यांचे निरोप पोचवायच्या कार्यक्रमाचं. दसरा झाला की जामखेडकडची माणसं ऊस तोडायला शेवगावकडच्या कारखान्यांवर येतात. मागे राहतात म्हातारी आणि शाळेतली पोरं. कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या उसाच्या पाचटाच्या झोपड्यांवर, फोन असतो तो पुरुषाच्या खिशात. बाया मात्र पहाटे भाकरी थापताना रेडिओ लावतात. आतापर्यंत ऐकणारे आमच्या टापूत होते आणि बोलणारे बाहेर. आज दोन्ही टोकं जुळली.

८ नोव्हेंबर, शनिवार

जामखेडला गेलो होतो. सांगाव्याच्या ध्वनिमुद्रणाला दारात रांग. छबूबाई नावाची म्हातारी सगळ्यात पुढे, सोबत शाळेच्या गणवेशातली नात.

"ह्यात बोललं की सवितेला आत्ताच ऐकू जाईल का?" तिनं गोरक्षनाथला विचारलं. सविता तिची सून.

"उद्या पहाटं, मावशे."

"मग उद्याचं बोलते. आजचं बोलून शिळं हुईल."

रांग हसली. मग ती बोलली ते मला गंमत वाटली म्हणून उतरवून घेतलं: "सविते, मी छबू. माझा गुडघा हाय तसाच हाय. पाठ बरी हाय. रोज दोन कोस जाती, दोन कोस येती, दमत न्हाई. उंच झाली, आता दावं आखूड पडतंय. बिभीषणाला म्हनावं, तंबाखू कमी कर." पाठ म्हणजे त्यांची कसलीशी बकरी, असं गोरक्षनाथ म्हणाला. चार कोस चालणारी बकरी! लोक काय काय कळवतात.

नातीचं नाव पंकजा. नववीत आहे. माझ्या हातातला कार्यक्रमाचा कागद तिनं उलट्या बाजूनं वाचून दाखवला. आवाज मोकळा आहे, श्वास कुठे घ्यायचा ते न सांगता कळतं. मी तिला 'ष' पोटफोड्या कसा म्हणायचा ते सांगितलं, तिनं लगेच उचललं.

"सर, बातम्या वाचायला किती शिकावं लागतं?"

"बारावी तरी."

तिनं बोटं मोजली. "म्हंजे साडेतीन वर्षं राहिली."

आजी म्हणाली, "चल गं, अजून दोन कोस जायचंय."

१९ नोव्हेंबर, बुधवार

बैठक झाली. जामखेड जोडल्यापासून रोज सत्तर सांगावे येतात, वेळ अर्धा तास. त्यात कुणी खोकतं, कुणी रडतं, कुणी जावेला शिव्या देतं. आबासाहेबांनी ठरवलं: आवाज लावायचे नाहीत. प्रत्येक सांगावा वीस शब्दांत, प्रमाण भाषेत लिहून निवेदकानं वाचायचा. "तीन केंद्रं आहेत राधाकृष्ण. उद्या सात होतील. जामखेडचं बोलणं शेवगावला कळलं पाहिजे आणि शेवगावचं सगळ्यांना."

लिहायचं मी, वाचायचंही मी. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एकतीस वर्षं आकाशवाणीवर सेकंद मोजून वाचलं. निवृत्तीनंतर लोकांचे खोकले कापत बसलो होतो.

गोरक्षनाथला फोनवर सांगितलं.  "सर, मानूस आवाजानं वळखू येतं. तुमच्या आवाजात समद्या सास्वा सारख्याच."

"सारख्या असल्या तर भांडणं तरी कमी होतील," मी म्हणालो. तो हसला नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

अर्ध्या तासात साठ सांगावे. आज एकही अडखळलो नाही. आबासाहेबांचा फोन: "व्यवस्थित."

५ जानेवारी, सोमवार

छबूबाईचा सांगावा आला. गोरक्षनाथनं आवाज पाठवला होता, सत्तेचाळीस सेकंदांचा. तिचा दम लागला होता.

"सविते, पाठीला गिऱ्हाईक आलंय. कल्यानानं आनलंय. माही पुनवंला न्यायचं म्हनत्यात. मला कुनी इचारलं न्हाई. बिभीषणाला फोन लावला हुता, तो व्हय म्हनला. पाठ चार दिस झालं धड खात न्हाई, कोपऱ्याला तोंड करून बसती. तू ये. तू आल्याबिगर मी दावं सोडायची न्हाई. तू ये."

कल्याण हा तिचा थोरला मुलगा, तो गावातच असतो. बिभीषण धाकटा, सविताचा नवरा.

'पाठ' हा शब्द शेवगावच्या शहरातल्या माणसाला कळायचा नाही. पाठीला गिऱ्हाईक म्हटलं तर लोक हसतील. शेळी केलं. 'तू ये' काढलं. शेळीच्या व्यवहारासाठी कुणी हंगाम सोडून घरी येत नाही, उगाच सुनेच्या जिवाला घोर. असं झालं:

'सविता, शेळीला गिऱ्हाईक आले आहे. माघ पौर्णिमेला नेणार आहेत. बिभीषण यांची संमती आहे. शेळी चारा खात नाही. कळावे, छबूबाई.'

एकोणीस शब्द. एक शिल्लक राहिला.

८ जानेवारी, गुरुवार

सविताचं उत्तर आलं. कोपीवरच्या कुणाच्या तरी फोनवरून शेवगाव केंद्राला घाईघाईनं सांगितलेलं. "आत्याबाई, शेळी देऊन टाका. खात नसंल तर ठिवून काय करता? पाठीला जपा, तेवढं जपा."

सून सासूच्या पाठदुखीची चौकशी करते हे ऐकून बरं वाटलं. गुडघ्याचं माहीत होतं, आता पाठही धरलेली दिसते. उद्या वाचायचं: 'छबूबाई, शेळी देऊन टाकावी. आपल्या पाठदुखीची काळजी घ्यावी. सविता.'

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

सकाळी गोरक्षनाथचा फोन. छबूबाई केंद्राच्या पायरीवर येऊन बसली होती.

"सर, म्हातारी लई तापलीय. म्हनती, मी शेळी कवा म्हनले? आन् पाठदुखी कुनाला हाय?"

"अरे, शेळी काय, पाठ काय. अर्थ पोचला ना? सुनेचं उत्तरही आलं."

"मी बी तेच बोललो. ती म्हनली, तुमच्या सरांना इचार, त्यांच्या घरी मानसं हायेत का नुसती पुस्तकं. आन् उठून गेली. सांगावा दिला न्हाई."

माझा दिवस खराब गेला. रोज साठ माणसांचं बोलणं नीट करून द्यायचं आणि वर हे ऐकायचं.

दुसरं एक. पंकजाकडून संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी चार ओळी वाचून मागवल्या होत्या, त्या आल्या नाहीत. गोरक्षनाथ म्हणतो ती आठवडाभर शाळेतच नाही. पोरं अशीच असतात, आरंभशूर. वाईट वाटलं. आवाज चांगला होता.

१८ जानेवारी, रविवार



दुपारी माझी बायको मनकर्णा मटार सोलत होती. मी तिला छबूबाईची गोष्ट गंमत म्हणून सांगितली. मनकर्णाचं माहेर शेवगावजवळ मळ्यात, पण शहरात आल्यापासून तिच्या तोंडून मळा कधी ऐकला नाही. तिचा हात थांबला.

"पाठ म्हणाली ती? आणि तुम्ही शेळी वाचलंत?"

"एकच ना."

"एकच कसं? व्याली की शेळी. पाठ म्हणजे अजून न व्यालेली. कोवळी."

"बरं, मग कोवळी शेळी."

"गिऱ्हाईक कधी नेणार म्हणाली?"

"माघी पौर्णिमेला."

"बाजार दर आठवड्याला भरतो," ती म्हणाली. "बकरं कुणी पुनव बघून नेत नाही. तिथी बघून काय नेतात हो?"

मला अजूनही कळलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो. शेवटी तिनंच विचारलं, "घरात पोरगी आहे का?"

मी वही आणली. आठ नोव्हेंबर. रोज दोन कोस जाती, दोन कोस येती. उंच झाली. दावं आखूड पडतंय. आणि त्याच्याच खाली माझ्याच अक्षरात: अजून दोन कोस जायचंय.

म्हातारी मूर्ख नव्हती. रेडिओ सगळे ऐकतात, बिभीषण ऐकतो, कल्याण ऐकतो. म्हणून पंकजासाठी तिनं तो शब्द वापरला जो तिला आणि सुनेलाच ठाऊक होता. सविता जाताना म्हणाली असेल, माझी पाठ सांभाळा. खरी शेळी त्यांच्या दारात असेलही. म्हणूनच सविता म्हणाली, शेळी देऊन टाका, पाठीला जपा. तिला वाटलं, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. तिच्यापुरत्या होत्याच वेगळ्या. एक मी केल्या.

आणि तो शिल्लक राहिलेला एक शब्द. 'ये' हा एकच शब्द आहे.

१९ जानेवारी, सोमवार

मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, मुलीचं नाव, वय, वस्ती. माणसं जातील म्हणाल्या.

गोरक्षनाथ वस्तीवर जाऊन आला. कल्याण ओट्यावर बसून होता. "लगीन? कुनाचं लगीन? पुनवंला जागरन हाय. या जेवायला." पंकजा कुठे आहे विचारलं तर मामाकडे. छबूबाई आतून बाहेर आली नाही. परतताना शेजारचा एक माणूस मोटरसायकलजवळ येऊन म्हणाला, "पोराचा कोयता अर्धा हाय. मुकादम पुरा कोयता मागतो."

मला हे गोरक्षनाथनं समजावून सांगावं लागलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. ज्याच्याशी लग्न ठरवलंय तो पोरगा एकटा, म्हणजे अर्धा. बायको आणली की पुरा.

आबासाहेबांना भेटलो. छबूबाईचा मूळ आवाज सांगाव्यात लावू द्या म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही नंबरवर कळवलंत, योग्य केलंत. पण रेडिओवरून एखाद्याचं घर चव्हाट्यावर आणायचं नाही. उद्या प्रत्येक जण आपला आवाज लावा म्हणेल. आपण वाढतोय राधाकृष्ण. वाढताना नियम सोडला की मनोरे उभे राहतात, संस्था पडते."

त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं म्हणता आलं नाही. अजूनही येत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

स्वतः शेवगावकडे गेलो. म्हटलं, सविताला गाठून तोंडी सांगावं. तीन कोप्या फिरलो. पाचटाच्या झोपड्या, बाहेर धुणं, चुली विझलेल्या, माणसं उसाच्या फडात. एका म्हातारीनं सांगितलं, बिभीषणाची टोळी आठ दिवसांपूर्वी हलली, गोदावरीकडं कुठंतरी. कुठं ते मुकादमाला ठाऊक. मुकादमाचा फोन लागला नाही. बिभीषणाचा लावता आला असता. तो काय सांगणार होता?

निघताना मी तिला विचारलं, "मावशी, तिकडे रेडिओ ऐकू येतो का?"

"येतो की. पन आताशा एकच बाबा वाचतो. कुनाचं काय हाय, कळतच न्हाई. आमी भाकरी थापताना निस्ता आवाज म्हनून लावतो."

२३ जानेवारी, शुक्रवार

पहाटे सव्वापाचला नेहमीसारखी वेळ सांगितली. मग म्हणालो, "पाच जानेवारीला आलेला एक सांगावा आम्ही चुकीचा वाचला होता. तो आता जसा आला तसा ऐका." आणि छबूबाईचे सत्तेचाळीस सेकंद लावले. तिच्या धापेसकट. मग पुन्हा एकदा लावले. शेवटी एवढंच म्हणालो, "शेळी नाही. पाठ."

बाकीचे सांगावे वाचायला वेळ पुरला नाही. चार राहिले. त्या चौघांची मी क्षमा मागायला हवी होती, सुचलं नाही.

साडेसहाला आबासाहेबांचा फोन. आवाज चढलेला नव्हता. "सोमवारपासून तुम्ही विश्रांती घ्या."

"ठीक आहे."

"राग मानू नका."

"नाही मानत."

एकतीस आणि तीन, चौतीस वर्षांत पहिल्यांदा वेळापत्रक मोडलं. बाहेर आलो तर पुणे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. टपावर बसलेल्या बाया शालीत गुंडाळलेल्या, कानाशी काही आहे की नाही ते दिसत नव्हतं.

२८ जानेवारी, बुधवार

काही नाही. गोरक्षनाथला सकाळी फोन केला, दुपारी केला. मनकर्णा म्हणाली, "तिसऱ्यांदा नका करू. कळलं की तोच करेल."

नंबरवरच्या बाईंचा फोन आला, उद्या माणसं वस्तीवर जाताहेत.

१ फेब्रुवारी, रविवार. माघी पौर्णिमा

गोरक्षनाथनं आत्ता सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

सविता गुरुवारी दुपारी आली. दोन ट्रॅक्टर आणि एक दुधाचा टेम्पो बदलून. हातात कोयता तसाच, फडातून निघालेली. रेडिओ तिनं स्वतः ऐकलाच नव्हता. दुसऱ्या कोपीवरच्या एकीनं ऐकला आणि चार दिवसांनी फडात भेटल्यावर सहज म्हणाली, "तुझ्या सासूच्या पाठीचं काय गं झालं? लई कळवळून बोलत हुती म्हातारी. ये, ये म्हनत हुती." सविता मोळी तिथंच टाकून निघाली. नवऱ्याला सांगितलंसुद्धा नाही.

वस्तीवर ती उंबऱ्यात बसली. कल्याण म्हणाला, "वैनी म्हनायचो तुला, आता काय म्हनू?" नात्यानं ती त्याची भावजय, पण तो तिला मान देऊन वैनी म्हणत आला होता. ती म्हणाली, "काय बी म्हना. पाठ माझी हाय." तेवढ्यात नंबरवरची माणसं पोचली, पोलीसपाटील आला. कल्याणकडून लिहून घेतलं. पंकजाला मामाकडून आणलं. पोराकडची माणसं आलीच नाहीत.

मी विचारलं, मग आता?

"आता काय सर. सविताताई काल परत गेली. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, हंगाम सोडून ऱ्हाता येत न्हाई. आन् पोरीला कल्यानाच्या घरात ठिवायची कशी? संगं नेली."

"शाळा?"

"फडात कुठली शाळा, सर."

पुनव आज आहे आणि पंकजाचं लग्न झालं नाही. हे मी दोनदा लिहून बघितलं. तिची नववीची परीक्षा एप्रिलमध्ये आहे, आणि ती आता कुठल्या तरी फडात आईच्या मागे मोळ्या बांधत असेल. माझी चूक अठरा दिवसांची होती. पाच तारखेलाच 'ये' गेलं असतं तर सविताला काही वाट काढायला वेळ मिळाला असता. कदाचित नसताही मिळाला. मला स्वतःला सोडवून घ्यायचं नाही.

छबूबाई कल्याणच्या घरात एकटी पडली आहे. गोरक्षनाथकडे तिनं माझ्यासाठी निरोप दिला: "त्या सरांना इचार, आता शेळी इकू का?"

११ फेब्रुवारी, बुधवार

आज आबासाहेब घरी आले. चहा घेतला. माझ्याऐवजी वाचणारी मुलगी चांगली आहे, पण जामखेडकडचं बोलणं तिला कळत नाही, सांगावे लिहून द्याल का म्हणाले. घरूनच. वीस शब्द. पाथर्डीच्या मनोऱ्याला परवानगी मिळाल्याचंही सांगितलं.

मी विचार करून सांगतो म्हणालो.

जाताना त्यांनी खिशातून फोन काढला. "शेवगाव केंद्रावर हे आलंय. मला पूर्ण समजलं नाही. तुम्हीच बघा."

ते गेल्यावर ऐकलं. मागे ट्रॅक्टर चालू होता, पण श्वास बरोबर जागी घेतलेला.

"आजे, मी पंकजा. पाठ हितं हाय. दावं न्हाई. मोळ्या बांधून झाल्या की पुस्तक घेते, आई दिवा धरती. केडगावच्या सरांना सांग, परीक्षेला येऊ दिलं तर सव्वातीन वर्षं राहिली. न्हाईतर सव्वाचार."

मनकर्णाला ऐकवलं. तिनं पुन्हा लावायला सांगितलं.

मग शब्द मोजले, सवयीनं. एकोणतीस निघाले. कागद घेतला, पेन घेतलं. 'हाय'चं 'आहे' केलं नाही. 'हितं'चं 'इथे' केलं नाही. 'पाठ' तशीच ठेवली. मग कागदच बाजूला सारला आणि आबासाहेबांना फोन केला.

"लिहून द्या म्हणालात, तर देईन," मी म्हणालो. "पण हा लिहून होत नाही. हा आवाजच लावावा लागेल."

  

"किती लांब आहे?" त्यांनी विचारलं.

"सव्वातीन वर्षं," माझ्या तोंडून गेलं. मग म्हणालो, "एकवीस सेकंद."